चढावरची खडखड

४ फेब्रुवारी

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू येतेस हे वाचून घर आत्तापासूनच भरल्यासारखं वाटायला लागलंय. भाड्याची गाडी मुळीच करू नकोस. तुझा भाऊ बोटीवर असला तरी बाप जमिनीवर आहे. आपली गाडी घेऊन मी स्वतः स्टेशनवर येतो.

गाडीची तब्येत तशी ठणठणीत आहे. चढावर तेवढी खडखडते. परवा सायलेन्सरमधून असा बार निघाला, की समोरच्या शिंपीणबाईंच्या हातातली कात्री गळून पडली! पेट्रोलात भेसळ, दुसरं काय? टायमिंग मी माझ्या हातानं लावलंय, त्यामुळे तिथे चूक असायचा प्रश्नच नाही. तरी तू यायच्या आत पुन्हा एकदा बघतो. सूनबाईला बॅटरी धरायला उभं केलं होतं, तर ती उजेड इंजिनावर टाकायचा सोडून माझ्याच तोंडावर टाकते. तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण धीर दांडगा आहे.

सांभाळून ये. बाकी भेटीअंती.
तुझे,
अण्णा

६ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

हे पत्र अण्णांना न सांगता टाकतेय. चहाडी केल्यासारखं वाटतंय, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या गाडीच्या इंजिनात ठिणगी कधी पडायची, म्हणजेच टायमिंग, ते एका खुणेवर ठरतं. पुढच्या पुलीला एक खाच आहे, ती इंजिनावरच्या रेघेसमोर आणायची आणि मग ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर फिरवून नेमका जागेवर बसवायचा. ठिणगी लवकर पडली तर इंजिन चढावर खडखडतं, उशिरा पडली तर ओढतच नाही. हे सगळं मला अण्णांनीच समजावलं. खाच चटकन दिसावी म्हणून मी ती खडूनं पांढरी केली. बॅटरीचा उजेड तिच्यावरच होता आणि अण्णा थेट तिच्याकडे बघत होते. तरी मला विचारलं, की खाच कुठेय. मग नखानं पुली चाचपत गेले आणि शेजारच्या गंजलेल्या खळगीलाच खाच समजून नट आवळला.

म्हणून मी उजेड त्यांच्या तोंडावर टाकला. ताई, डोळे मिटले नाहीत त्यांनी नीटसे.

फाटकाच्या खांबाला गाडी दोनदा घासलीय. दोन्ही वेळा खांबाच्या नावानं शिव्या. तुमची आगगाडी पोचणार संध्याकाळी, आणि त्या गर्दीत अण्णा गाडी घेऊन स्टेशनवर निघणार. माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही लेक आहात, तुम्ही बोललात तर ऐकतील. मी बोलले तर सुनेनं सासऱ्याला म्हातारं ठरवलं असं व्हायचं.

उत्तर लवकर धाडा. रागावू नका, आपलीच म्हणून लिहिलं.
तुमची,
वहिनी

११ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मग अण्णांचं पत्र पुन्हा काढलं. त्यात दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. घाईत लिहिलं असेल म्हणून मी हसले होते गं.

पहिल्यांदा मनात आलं, तुला सांगावं, किल्ली लपव. पण किल्ली हरवली म्हणून तो माणूस घरभर शोधत फिरेल आणि आपण दोघी गप्प बसून बघणार, हे काही मला जमायचं नाही. त्यांना फसवू नकोस. मी इतक्या लांबून लिहिलं तर ते पत्र घडी करून ठेवतील आणि येतील स्टेशनवर, माझी खोड जिरवायला. तू समोर आहेस, तू पाहिलंयस, तूच बोल. सून म्हणून नको, बॅटरी धरणारी म्हणून बोल. चिडले तर चिडू देत. ओरडा माझ्या नावावर टाक, मला सवय आहे.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तू सोबत जा. बाहेर बसू नकोस, आत जा.

माझा सगळा भरवसा तुझ्यावर.
तुझी,
ताई

२३ फेब्रुवारी

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर सूनबाईचं आहे, मजकूर माझा. मध्येच ती हसली तर तेही लिही म्हटलं, पण लिहीत नाही.

तिनं मला बॉनेटपाशी उभं केलं आणि पांढरी खाच दाखवा म्हणाली. मी दाखवली. ती म्हणाली, अण्णा, तो पंख्याचा पट्टा आहे. मी बॅटरी आपटून घरात निघून गेलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती मात्र ताट वाढत राहिली, आणि भाजी कुठली ते न विचारता सांगत राहिली. तेव्हा कळलं, की हिला सगळंच ठाऊक आहे.

मलाही ठाऊक होतं, ताई. थंडी सुरू झाली तेव्हापासून. कडेनं सगळं काळं होत आलंय. बोललो असतो तर एका खुर्चीत बसवलं असतंत, ही धास्ती होती. काचबिंदू आहे. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सूनबाईनं तिथे इतके प्रश्न विचारले, की बाईंना पाणी प्यावं लागलं.

परवा आम्ही दोघांनी मिळून टायमिंग लावलं. खाच तिनं बघितली, डिस्ट्रिब्यूटर मी फिरवला. मग तिला स्टिअरिंगवर बसवलं. तिचं लायसन्स लग्नाआधीपासून कपाटात पडून आहे, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. चढावर पुन्हा बारीक खडखड आली. तिला ऐकू आली नाही, मला आली. गाडी थांबवून नट सैल केला, केसभर मागे घेतलं, पुन्हा आवळला. दुसऱ्या खेपेला इंजिन लोण्यासारखं चढलं. गिअर तिनं असा काही करकरवला, की माझ्या दाढा शिवशिवल्या, पण मी गप्प बसलो. हे मुद्दाम लिही म्हणालो तिला.

तर गुरुवारी आम्ही दोघं येतो. ती गाडीपाशी थांबेल, मी फलाटावर असेन. माणसं मला आता धुक्यातून आल्यासारखी दिसतात, तेव्हा मी ओळखीन म्हणून वाट बघत उभी राहू नकोस. लांबूनच मोठ्यानं हाक मार.

माया आहेच, वेगळी काय लिहू?
तुझे,
अण्णा