बिछायत उचलण्याची चिठ्ठी

पचमढी,
४ मे १९५५

गं. भा. आक्कासाहेब यांस द्वारकेचा शि. सा. नमस्कार.

आम्ही पोचलो. तुमचे बंधू ठीक, मी ठीक, पितळी लोटा खंडव्याला गाडी बदलताना राहिला. पिपरियाहून वर येताना मोटारीत माझ्या पोटात ढवळलं. हे मात्र प्रत्येक वळणाला बोट दाखवून सांगत होते, इथे बैलं थांबायची, इथे पाणी प्यायचो. मी डोळे मिटून बसले होते.

हवा थंड आहे. मे महिन्यात रजई घेऊन झोपतो, हे इंदोरात कोणाला सांगितलं तर हसतील. साहेब लोकांच्या बायका संध्याकाळी डोंगरामागे सूर्य बुडतो तो बघायला जातात. सूर्य परदेशीपुऱ्यातही बुडतो, मिलच्या चिमणीमागे, बघायला कोणी जात नाही.

मुद्द्याचं लिहिते. ह्यांनी चैत्रापासून जेवण टाकलं होतं ते तुम्ही बघितलंच. एकच धोशा, "उन्हाळा लागला, मालकांचं मला बोलावणं कसं नाही?" मी कंटाळून म्हटलं, आलंय बोलावणं, चला. तुम्ही मला त्या दिवशी बोललात की आजारी माणसाला डोंगरावर नेऊन तुला सैर करायची आहे. बोललात ते बोललात. माझा हिशेब वेगळा होता. नानासाहेबांनी जहागीर गेल्यावर इथला बंगला इटारसीच्या एका लाकडाच्या शेठला विकला, हे सगळ्या इंदोराला माहीत, ह्यांना सांगून पटत नाही. "जहागीर गेली असेल, मला लेखी नाही आलं." म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघतील, दुसऱ्याचं कुलूप बघतील, आपोआप समजतील. मला तोंड उघडायला नको.

झालं उलटंच. शेठ अजून आलेला नाही. चौकीदार तोच जुना, लक्ष्मण. ह्यांना बघून रडायलाच लागला, "बड़े फरासजी आ गए." आणि मी अडवायच्या आत सगळा हॉल उघडून दिला. आत काही नाही. खुर्च्या नाहीत, पडदे नाहीत, कड्या तेवढ्या शिल्लक. हे चार वाजेपर्यंत झाडत होते. मग आपल्या घरच्या दोन सतरंज्या, ज्या मी निजायला आणल्या होत्या, त्या मधोमध अंथरल्या. शंभर माणसांच्या हॉलमध्ये दोन सतरंज्या. तळहाताने एकेक सुरकुती काढली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि पगडी बांधून दारात उभे राहिले.

तेव्हापासून रोज चार वाजता उभे राहतात. मालक यायच्या आधी बिछायतीवर बसायचं नाही, म्हणून आम्ही व्हरांड्यात झोपतो. मी म्हटलं, चला आता घरी. तर म्हणतात, "चिठ्ठी कुठे आहे?"

ह्यांचा फरासाचा कायदा तुम्हाला पाठ आहे. मालकांच्या आधी पंधरा दिवस जाऊन गाद्या-सतरंज्या अंथरायच्या, आणि "बिछायत उचला" अशी लेखी चिठ्ठी हातात पडल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी आग लागो की काही होवो.

म्हणून काम आहे. तुमच्या शेजारचे जयसिंगराव कचेरीत मुनशी होते, त्यांचं अक्षर ह्यांना ओळखू येईल. त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, दौरा रद्द, बिछायत उचला, आणि एखादा शिक्का मारून टपालाने पाठवा. शेठ एक जूनला येणार आहे. तो आल्यावर ह्यांना दारातून हाकलणार, आणि ते मला बघायचं नाही.

इथे जांभळं खूप. आमच्या बेबीला आवडायची.

तुमची
द्वारका


पचमढी,
१५ मे १९५५

आक्कासाहेब,

नानासाहेबांकडे जाऊ नका. हे पत्र हातात पडेल तेव्हा निघाला असाल तर अर्ध्या रस्त्यातून मागे फिरा. नमस्कार नंतर करते.

तुमचं पत्र काल आलं. जयसिंगराव खोट्या चिठ्ठ्या लिहायला नाटकवाले नाहीत, हे बरोबर. पण पुढे तुम्ही लिहिलंत की, "मीच तुकोगंजला जाऊन नानासाहेबांना चार माणसांत विचारते, तीस वर्षांच्या चाकरीला दोन ओळी लिहायच्या तर तुमची शाई सुकली होती का?" ते वाचून पहाटेच दिवा लावून लिहायला बसले.

त्यांनी लिहिलं होतं.

चार वर्षांपूर्वी, आषाढात. ह्यांना मुदतीचा ताप होता, तुम्ही तेव्हा देवासला लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात. कचेरीचा शिपाई दारात आला, "कृष्णराव फरास इथेच का?" मी कागद घेतला. मी तिसरीपर्यंतच शिकले, पण छापल्यासारखं अक्षर होतं, तेवढं लागलं. जहागीर सरकारजमा, फरासखाना बंद, आपली नोकरी आजपासून संपली. वैद्य म्हणाले होते, मनाला धक्का बसेल असं काही सांगू नका. म्हणून मी तो लाडवाच्या डब्यात तळाशी घातला, वरून दुसरा कागद अंथरला. म्हटलं, उठून बसले की देईन.

उठून बसले. म्हटलं, चालायला लागले की देईन. मग दसरा आला. मग एकदम उशीर झाला, आणि उशीर का केला ते सांगायला लागलं असतं. दर दिवाळीला डबा घासते, वरचा कागद बदलते, तो एक तसाच ठेवते.

उन्हाळा आला की मी ह्यांना सांगायचे, मालकांची तबियत ठीक नाही, दौरा नाही. वाड्यावरून शिधा येतो म्हणून सांगायचे. शिधा कसला, मी मिलवाल्यांच्या घरी जाऊन पापड लाटते. तुम्ही विचारलंत की हाताला भेगा कसल्या, तर मी म्हटलं सोड्याने पडल्या. बोलावल्याशिवाय वाड्याची पायरी चढायची नाही हा त्यांचा नियम, त्यामुळे तिकडे कधी गेले नाहीत. त्या नियमावर माझं खोटं चार वर्षं उभं राहिलं.

आणि तुम्ही गावभर नानासाहेबांना नावं ठेवत होतात. हळदीकुंकवाला, देवळात, माझ्यासमोर. मी मान हलवत होते. हे लिहिताना मला शरम वाटते, पण शरम वाटून भागत नाही, म्हणून लिहिते.

कागद माझ्याबरोबर आहे. डब्यासकट आणला. कुलूप बघून समजले नाहीत तर देईन, असं ठरवलं होतं, आणि दिला नाही. तुम्हाला खोटी चिठ्ठी मागितली, खरी माझ्या उशाशी होती. काल पाऊस आला, वळवाचा. हे दारात तसेच भिजत उभे. मी ओरडले, "अहो, कोणी येत नाहीये, मेलात तर मी कुठे जाऊ?" तर लक्ष्मणला म्हणाले, "बाई पहिल्यांदाच आल्यात, त्यांना इथली रीत माहीत नाही."

उद्या देते. तुम्ही फक्त तुकोगंजला जाऊ नका.

द्वारका


इंदोर, परदेशीपुरा,
३ जून १९५५

आक्कासाहेबांना द्वारकेचा नमस्कार.

तुमचं स्नेहलतागंज इथून चालत अर्ध्या तासावर, आणि मी पत्र टाकते आहे. तीनदा येऊन गेले, तुम्ही दार उघडलं नाहीत. तिसऱ्यांदा आत तुमचा पाट सरकल्याचा आवाज आला. माझी काही तक्रार नाही. माझं पत्र एक दिवस उशिरा पोचलं आणि तुम्ही त्याआधी तुकोगंजला जाऊन आलात, हे जयसिंगरावांनी मला तुमच्या जिन्यात सांगितलं. चार माणसं बसलेली होती हेही सांगितलं. नानासाहेब ओरडले नाहीत, उठून म्हणाले, "बाई, मी तर त्यांना भेटायला बोलावलं होतं. त्यांनी पाठ फिरवली म्हणून मीच चार वर्षं वाईट वाटून घेतो आहे."

खरं आहे. कागदाच्या खाली त्यांच्या हातच्या दोन ओळी होत्या, त्या मी तुम्हाला मागच्या पत्रात लिहिल्या नाहीत. "कृष्णराव, एकदा येऊन जावे. पचमढीच्या बंगल्याच्या किल्ल्या घेणाऱ्याला तुमच्याच हातून द्याव्यात अशी इच्छा आहे."

आता तापाचंही सांगते. तापासाठी लपवलं, हे निमित्तापुरतं खरं. कारण वेगळं होतं.

आक्कासाहेब, बेबीला गोवर निघाला तेव्हा तुम्हीच तार लिहून दिली होती. अडतीस साल, मे. तिला सहावं चाललं होतं. तिच्या अंगाची आग होत होती, मी ओला पंचा फिरवत होते आणि ती म्हणत होती, "बाबा थंड गावाला गेलेत, मला तिथे न्या." एक तार, दोन तारा. हे आले ते तिच्या अकराव्या दिवसानंतर. दारात उभे राहून म्हणाले, "चिठ्ठी मिळाली नव्हती." मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. तुम्ही म्हणालात, द्वारका फार धीराची. मी धीराची नव्हते. मी तेव्हाच काही तरी बांधून ठेवलं, आणि सतरा वर्षांनी नाही, तेराव्या वर्षीच ते हातात आलं. कागद घेऊन शिपाई आला आणि मी वाचलं, तेव्हा माझ्या मनात आलं ते असं, आता ह्यांना चिठ्ठी मिळणार नाही. बघू दे वाट. मी बघितली तशी.

बस. हेच होतं. दुसरं काही नव्हतं.

सोळा तारखेला दिला. दुपारी, जेवण झाल्यावर, हॉलच्या उंबऱ्यात. त्यांनी चष्मा लावला, उभ्यानेच वाचला, खालच्या दोन ओळी दोनदा वाचल्या. मग तारीख बघितली. मग आत गेले आणि सतरंजीवर बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा. बराच वेळ कड्यांकडे बघत होते, जिथे पडदे असायचे.

म्हणाले, "मग चार वर्षं मी कोणाचं मीठ खात होतो?"

मी म्हटलं, "माझं. पापडाचं."

"आधी सांगायचं होतंस," म्हणाले. "तुझ्यापुढे उभा राहिलो असतो."

मला वाटलं होतं, हात उगारतील. निदान बेबीचं नाव घेतील. मी भांडायची सगळी तयारी करून बसले होते, सतरा वर्षांची. तेही त्यांनी करू दिलं नाही. उठले, दगड बाजूला केले, सतरंज्या झटकल्या, चार घड्या घातल्या. कागद घडी करून पगडीत खोचला. लक्ष्मणला म्हणाले, "बिछायत उठ गई." लक्ष्मणने दार लावलं आणि किल्ली ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी ती घेतली नाही. खाली येताना मोटारीत एकही वळण दाखवलं नाही.

आणि आता इथलं ऐका. मी पहाटे पापड लाटायला बसते तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे असतात. पगडी बांधून. मी म्हटलं, बसा की. बसले. चहा झाला, म्हटलं, उठा, आंघोळ करा. उठले. न सांगता पाट मांडतात, माझ्या पुढची चटई सरळ करतात, सुरकुती काढतात. मी जेवल्याशिवाय जेवत नाहीत. काल बाजारातून यायला मला उशीर झाला, भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी उभे. शेजारणी म्हणतात, द्वारकाबाई, नशीब काढलंत, काय सेवा करतात. मला त्यांच्या तोंडावर पापडाचं पीठ फेकावंसं वाटतं.

मी चिडले, रडले, पाया पडले. पाया पडले तेव्हा घाबरून मागे सरकले. चेष्टा नाही करत ते, आक्कासाहेब. सूडही उगवत नाहीत. त्यांना सूड येतच नाही. मला येतो, आणि त्याचं हे असं झालं.

माझ्याशी बोलू नका. माझ्या हातचं पाणी पिऊ नका, मी बाहेर ओट्यावर जाऊन बसेन. पण एकदा या. तुम्ही त्यांना कडेवर खेळवलंय, आई गेल्यावर तुम्हीच वाढवलंय. तुमच्यापुढे ते फरास नाहीत, धाकटे भाऊ आहेत. तुम्ही दटावून म्हणालात, "किसन्या, बस खाली," तर ते आपल्या घरात बसल्यासारखे बसतील. मी म्हणते तेव्हा ते हुकूम म्हणून बसतात.

लवकर या. दारात उभं राहून त्यांचे पाय सुजलेत.

तुमच्या भावाची बायको होते, आता मालकीण झालेली,
द्वारका