लाइफ कोच म्हणजे जन्माचा

महाड, मंगळवार, ४ डिसेंबर २००७

तीर्थस्वरूप देवश्रीताईस,

कमलाकरचा वाकून नमस्कार. भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. आम्ही दोघं मजेत आहोत. जानेवारीत कायमचं पुण्याला यायचं म्हणून अनुपमा आत्तापासूनच खोकी बांधते आहे (काल माझा चष्माही बांधला, तो तासाभराने सापडला).

तर ताई, माझा तो कोर्स झाला. चार दिवस, सर्टिफिकेट, बिल्ला, आणि शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या गळ्यात पडून रडायचं. तीस वर्षं कचेरीत दाखले लिहिले, आता श्रद्धेच्या बळावर जगावं कसं ते लोकांना सांगायचं. तू शोधलेल्या पुण्याच्या खोलीत बसण्याआधी इथे जरा हात बसवावा म्हणून दारावर पाटी लावली. श्रीपत पेंटरला सांगितलं होतं, 'श्रद्धाधिष्ठित लाइफ कोच'. पहिल्या शब्दाने अर्धी पाटी खाल्ली (शिवाय त्यातल्या 'ष्ठि'वरून आमचा वाद झाला), म्हणून त्याने तो मुंगीएवढा केला आणि 'लाइफ कोच' एवढं मोठं काढलं की चवदार तळ्यावरून वाचता यावं. पंधरा दिवसांत एकच गृहस्थ आले, तेही रेल्वेचं रिझर्वेशन विचारायला.

मग शनिवारी नाते गावच्या सात मुली आल्या. चपला ओळीत काढून बसल्या. मला भरून आलं. मी डोळे मिटायला लावले आणि कोर्सातलं सगळं बोललो, की संकट समोर आलं म्हणजे आपल्या श्रद्धास्थानाचं नाव घेत पुढे जायचं, तोंड बंद पडू द्यायचं नाही. त्यावर त्यांची कॅप्टन दीप्ती फार अदबीने म्हणाली, "सर, घरी आमी वंदना म्हनतो, ही मैना देवीचं करते. पन रेड मारताना कबड्डीच म्हनावं लागतं. दुसरं कायपन म्हटलं तर पॉइंट समोरच्यांना." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. येत्या रविवारी पोलादपूरला सामने आहेत, फॉर्मवर कोचची सही नसेल तर संघ बाद, आणि ह्यांना तालुक्यात कोच मिळत नव्हता.

गैरसमज मी तिथेच काढणार होतो, पण आधी खेळ बघा म्हणाल्या, म्हणून रविवारी गेलो. मैदान म्हणजे भात कापलेलं शेत. ताई, काय सांगू तुला! समोर सहा जणी हात धरून उभ्या आणि ही एवढीशी पोरगी एकटी त्यांच्यात शिरली, ओठांवर एकच शब्द. मी घड्याळ लावलं. अठ्ठावीस सेकंद, एका दमात. तीन जणींना शिवून, चौथीने धरलेला पाय ओढत रेघेला हात लावला, आणि तोवर तो शब्द तुटला नाही. मुंज झाल्यापासून मी प्राणायाम करतो, घरी येऊन माझा दम मोजला, नऊ सेकंद. असा जप मी जन्मात पाहिला नव्हता, आणि ह्या पोरींना मी श्रद्धा शिकवायला बसलो होतो.

मग दीप्ती फॉर्म घेऊन आली. म्हणाली, "सर, लाइफ कोच म्हंजे लाइफ मेंबरसारखं, जन्माचं ना? मागचे सर एक सीझन करून मुंबयला गेले. त्यांच्या आदीचेपन."

मी सही केली. खाली दोन टिंबंही दिली, कचेरीत द्यायचो तशी.

मोठ्यांना नमस्कार, ईराला आशीर्वाद.

तुझा,
कमलाकर

ता.क. तेव्हा ती खोली नको. मालकांना तूच काय ते सांग.

आणखी ता.क. कबड्डीच्या नियमांचं पुस्तक मिळेल ते घे आणि शुक्रवारच्या आत एसटी पार्सलने पाठव. पोरी मला 'बोनस' विचारतात आणि मी दिवाळीचं काहीतरी बोलतो.

शेवटचं ता.क. अनुपमाची अकरा खोकी बांधून झाली आहेत. तिला अजून काही ठाऊक नाही. तेवढं फोन करून तू सांग, कारण मी तीनदा तिच्यासमोर उभा राहून पाहिलं. नऊ सेकंदांत होणारं ते काम नाही.