चमचाभर पीठ

२ फेब्रुवारी
माझी जागा जाणार. ऐकीव नाही, सुपरवायझरबाईंनी स्वतः सांगितलं, वर कागद दाखवला. एप्रिलपासून पोषण केंद्रातलं रांधणं मुलांच्या आयाच करणार. त्यांना शिकवायचं कोणी? मी! अकरा वर्षं या खोलीत अशक्त पोरांची लापशी ढवळली, आता माझ्याच हाताने माझी गच्छंती.
"मावशी, तुमच्याइतकं कोणाला येतं?" म्हणाल्या. गोड बोलून गळा कापावा तर असा.

४ फेब्रुवारी
आठ जणी आल्या. सात मुकाट बसल्या. आठवी आल्या आल्या पातेल्यात डोकावली. "यात शिकायचं काय? ढवळायचंच तर आहे!"
हिचं नाव ठिणगी. या वहीत तरी.

५ फेब्रुवारी
सगळं शिकवते आहे. हात धुणं, धान्य निवडणं, भाजणं, मापं. एकच गोष्ट नाही. मोड आणून, वाळवून, दळलेल्या धान्याचं पीठ. दाट लापशी उतरवून जरा निवली की त्यात चमचाभर घालायचं. पाणी न घालता पातळ होते, अशक्त पोरही वाटी संपवतं. केंद्राच्या पुस्तकात हे नाही. मला सासूने शिकवलं, तेही धाकट्या जावेला न सांगण्याच्या अटीवर.
मी तरी का सांगू? डबा वरच्या फळीवर, मिठामागे.

९ फेब्रुवारी
त्यांची लापशी — चमचा उभा राहतो!
"भिंतीला लावा, गिलावा होईल," मी म्हटलं.
"तुमची कशी नाही होत अशी?" ठिणगीने विचारलं.
"हाताचा गुण."
"मग जाताना हात इथेच ठेवून जा!"
सगळ्या खिदळल्या. मी नाही. मग त्यांनी पुस्तक उघडलं, घट्ट झाल्यास पाणी घालावे. घातलं तांब्याने. पोरांची पोटं पाण्यानेच भरली, वाट्या अर्ध्या तशाच. मी भांडी विसळत बसले.

१४ फेब्रुवारी
वजनं झाली. एकोणीसपैकी बारा मुलं जिथल्या तिथे, सात खाली. बाईंचं तोंड उतरलं. "मावशी, यांच्या भरवशावर नाही सोडता येणार. राहावं लागेल तुम्हाला."
घरी येताना पाय हलके. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

१६ फेब्रुवारी
ठिणगीची मुलगी अडीच वर्षांची. वाटी दोन्ही हातांनी धरते, तरी ती तिला पेलत नाही. आईचा राग हिच्यावर कशाला? ठिणगी नळावर गेली तेवढ्यात चमचाभर पीठ वाटीत घालून ढवळलं. पोरीने वाटी चाटूनपुसून साफ केली!
एकीलाच दिलं. एकीने काय बिघडतं?

१७ फेब्रुवारी
पुन्हा दिलं.

१८ फेब्रुवारी
आजही. ठिणगी सकाळी म्हणाली, "मावशी, तुम्ही गेलात की इथे मोकळा श्वास घेता येईल." तरी दिलं.

२८ फेब्रुवारी
वजनं. अठरा पोरं तिथेच किंवा खाली. एक चढली, ठिणगीची, चारशे ग्रॅम! बाईंनी काटा दोनदा तपासला.
"त्यात काय नवल?" एक आई ओरडली. "आमच्या पोरांच्या तोंडचं काढते आणि आपल्या पोरीला चारते ही!"
बाकीच्या तुटून पडल्या. चोरटी. पोरांच्या वाटीतलं खाणारी. आणखीही बरंच, लिहवत नाही. एरवी ठिणगीची जीभ टाळूला लागत नाही. आज पोरीला कडेवर घेऊन नुसती उभी. माझी नजर पातेल्यात.
बाई म्हणाल्या, चौकशी करू. खरं निघालं तर आईचंही नाव कमी, मुलीचंही.

२ मार्च
ठिणगीची मुलगी आली नाही. काल चौघींनी दारात जाऊन शिव्या दिल्या म्हणे. शेजारीण सांगत होती, चवीने.
बरं झालं, असं म्हणून पाहिलं. जमेना. मी तोंड उघडलं तर अकरा वर्षांचं नाव मातीत. नाही उघडलं तर त्या पोरीची वाटी बंद. आणि ती बया एवढी गप्प का? एरवी शब्द खाली पडू देत नाही!

३ मार्च
संध्याकाळी तिच्या घरी गेले. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. पीठ, डबा, चमचा.
"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी पाहिलं मी तुम्हाला."
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले असते तर तुम्ही थांबवलं असतं."
उद्या अकराला चौकशी. आम्हा दोघींना बोलावलं आहे. अठरा पोरांच्या आयाही येणार. मिठामागचा डबा काढून सगळ्यांसमोर ठेवणार आहे.