उंदरानं खाल्लेलं पान

खाँसाहेब, तुम्ही जाऊन चाळीस वर्षं होत आली, आणि मी आज तुम्हाला एका उंदराबद्दल लिहितोय. हसू नका. बोर्डिंगात तुमच्याकडं गाणं शिकणारी आम्ही पोरं हातानं लिहून गाण्याचं मासिक काढायचो, त्यातलाच तो उंदीर. एकच प्रत असायची. दोऱ्यानं शिवलेली, मागं दोन कोरी पानं अभिप्रायाला. प्रत गावात फिरून महिनाअखेरच्या गुरुवारी परत यायची आणि मागं काय असायचं? 'छान', 'उत्तम', 'फारच छान'. मी संपादक, छाती फुगवून हिंडायचो. रेक्टरांनी मात्र बजावलं होतं, कुणी खरंच वाचत नसेल तर दिवाळीनंतर कागद मिळायचा नाही. महाराजांच्या राज्यात शिकायला मिळतंय तेवढं पुरे, म्हणाले.

आणि त्याच महिन्यात तबले मढवणाऱ्या मामूंचा अभिप्राय आला, शेजारच्या शिंप्याकडून लिहून घेतलेला. 'वाचून घेतलं. झोप आली. कुणासाठी लिवलंय कळलं न्हाय.' हे रेक्टरांनी बघितलं की संपलंच सगळं! मी पान टर्रकन फाडलं आणि तुम्हाला सांगितलं, उंदरानं खाल्लं.

तुम्ही पानाचा विडा गालात सरकवून शिवण बघताय, अजून दिसतं मला. "मोठा शहाणा उंदीर हाय की! कोरं पान सोडलं, लिवलेलं तेवढं खाल्लं." मग म्हणालात, "जा, प्रत कुठंकुठं गेलती तिथं जाऊन तोंडी विचारून ये. मामूंपासून सुरू कर."

मामू तबल्याची वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, ओढत बसलेले. मान वर न करता म्हणाले, "पावणं, रागांची नावं ऱ्हाऊ द्या. मैफलीत मान कवा हलवायची तेवढं सांगा. तबला माझ्या हातचा, पण मी मागं बसून म्होरल्याचं बघून मान हलवतोय. लाज वाटती वो." त्या शब्दानं मीच शरमलो. पुढच्या अंकातले माझे चारही जड लेख काढून टाकले आणि समेवर, म्हणजे ताल फिरून पहिल्या मात्रेवर येतो तिथं, मान का हलते ते बोटांवर मोजता येईल असं लिहिलं. तो अंक परत आला तेव्हा मागच्या पानांवर समेवरून नुसती भांडणं! जागा पुरेना, लोकांनी समासात लिहिलेलं. रेक्टरांनी कागद दिला, वर स्वतःही एक शंका लिहिली.

शेवटच्या आजारपणात तुम्ही मला विचारलंत, "काय रे, तो उंदीर घावला का?" मी हसत "न्हाय" म्हणालो आणि जन्मभर ते 'न्हाय' मला सलत राहिलं. आज ट्रंकेत लपवून ठेवलेलं ते पान काढलं, जुन्या अंकात परत शिवलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेही त्याच अंकात ठेवतोय. उंदीर मीच होतो, खाँसाहेब. तुम्हाला ठाऊक होतं, पण सांगायचं माझं राहिलं होतं.