रेडिओग्राम घेतला नाही

ताई,

तू म्हणालीस तो जुना रेडिओग्राम बघून आलो. अगदी आपला होता तसाच आहे गं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत ढिम्म, मग लांबून आल्यासारखा हळूहळू आवाज. मी हो म्हणणारच होतो.

पण बाबा आता नाहीत, हे आईच्या डोक्यात टिकत नाही. ते आपला रेडिओग्राम दुरुस्तीला घेऊन गेलेत, एवढंच ती धरून बसलीय. उद्या रेडिओग्राम घरी आला आणि बाबा आले नाहीत, तर तिला काय सांगायचं?

म्हणून नको सांगून आलो. चिडू नकोस.

मी कामावर निघालोय. संध्याकाळी ती दारात खुर्ची टाकून बसेल. विचारलंच तर सांग, व्हॉल्व्ह मिळत नाहीये, बाबा दुकानातच थांबलेत.