पितळी नोझल

आप्पा, पलूसच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन बंद करायचं की नाही, हे ठरवायला मला चार दिवस लागले. तुमच्या माघारी हे सगळं मीच बघते, तुमचे मिस्त्रीकाका सोबतीला. द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीची पितळी नोझलं अजून बनवतो. म्हणजे बनवत होतो. आता परदेशी नोझलं डब्यानं येतात, आपल्यापेक्षा निम्म्या भावात आणि दिसायला चकाचक. गिऱ्हाईक आपलं हातात घेतं, फिरवून बघतं, "चांगलं हाय की" म्हणतं आणि ठेवून निघून जातं. कंटाळा आलाय त्या "चांगलं हाय"चा.

धाकट्याची द्राक्षं मात्र बोटीनं परदेशी जातात. त्यावर घर झालं, पोरगी पुण्यात शिकतेय. मग चिडायचं कुणावर? परवा त्याच्या बागेत गेले, तर मला बघताच त्यानं फवारणीच्या ब्लोअरवर पोतं टाकलं. मी ते ओढलं. सगळी बाहेरची नोझलं! "अगं अक्का," तो म्हणतो, "तिकडं मण्यात औषध किती उरलंय ते तपासत्यात. फवारा एकसारखा न्हाई बसला की माल नापास. गेल्या साली एक गाडी माघारी आली, इसरलीस व्हय?" सख्खा भाऊ, आप्पा! लय राग आला. पण तो खोटं बोलत नव्हता.

मिस्त्रीकाका म्हणाले, "बाहेरचं हाय, गळणारच. लावून बघू." तुमचीच पद्धत: नोझल पंपाला जोडायचं, फवारा बंद करून खाली कोरा कागद धरायचा, थेंब पडला की माल परत मशीनवर. आज सकाळी परदेशी नोझलांचा अख्खा डबा आणून तपासला. काका वाकून बघतायत आणि मी मनात म्हणतेय, देवा, चार तरी गळू देत, म्हणजे मशीन चालू ठेवायला काहीतरी कारण मिळेल. कागद कोरडाच राहिला. काकांनी हात पुसले. "बंद कर आता, पोरी," एवढंच म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

हे कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाही, म्हणून लिहिते. आपल्या नोझलांतलं दहात एखाद-दुसरं गळायचंच. तुम्ही ती बाजूला काढायचात. तुम्ही गेल्यावर हंगामाच्या घाईत मी ती काढली नाहीत, तशीच विकली. गेल्या साली धाकट्याला दिलेली त्यातलीच होती. त्याला अजून माहीत नाही.