चुंबक उलटा करणार नाही

२८ फेब्रुवारी, क्राकूव
विजय! मँगनीजच्या मिश्रधातूची पट्टी. वीज लांबीने सोडली, व्होल्टेज आडवं उमटलं. तेही चुंबक जवळ नसताना! साध्या धातूला बाहेरून चुंबक दाखवावा लागतो. माझी पट्टी स्वतःच्या चुंबकत्वावर उभी आहे. स्वाभिमानी धातू! तारा चिकटवतानाच भाषणाची पहिली ओळ सुचली आणि हात आपोआप उंचावला. नोकरी जूनमध्ये संपते. विभागप्रमुख हाल्श्काबाई शुक्रवारचं भाषण ऐकून मुदतवाढ ठरवणार. ठरलीच समजा.

१ मार्च
ग्राचियान माझ्याच टेबलावर काम करतो. दूरदृष्टी शून्य. म्हणाला, "काझिक, एकदा उलटा चुंबक लावून काढ की, पट्टीचं चुंबकत्व पलटेल. तुझं खरं असेल तर आडवं व्होल्टेज अधिकचं उणे होईल. पाच मिनिटांचं काम!"
मी सुनावलं, सत्य कुणाच्या धाकाने पाठ फिरवत नाही.
"अरे बाबा, इथे फिरवतं. तीच तर खूण आहे."
संधिसाधू!

२ मार्च
दिवसभर तालीम. "धातूंनो, उठा!" इथे टाळ्या. प्रयोगशाळेतल्या पंपाने फुस्स केलं. प्रतिसाद चांगला.

३ मार्च
संकल्प: उद्या थोडक्यात बोलायचं. (भाषण दीड तासाचं झालंय. एक शब्द काढवत नाही.) उद्या माझा नामदिन, माझ्या नावाच्या संताचा सण; इथे तो वाढदिवसासारखा करतात, म्हणजे केक मीच न्यायचा. वर चेरीच्या जॅमने भलंमोठं अधिक चिन्ह काढून घेतलं. बेकरीवाली म्हणाली, "कोण आजारी आहे हो?"

४ मार्च, दुपारी
"धातूंनो, उठा!" म्हणून हात उंचावला. हाल्श्काबाई म्हणाल्या, "डॉक्टर, धातूंना बसू द्या. चुंबक उलटा करा."
सर्वांसमक्ष केला. आधी अधिक. नंतरही अधिक, तेवढंच. मी गरजलो, बघा, डगमगत नाही!
ग्राचियानने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. समोरासमोर हव्यात त्या दोन तारांपैकी एक पुढे सरकलेली. म्हणजे मी लांबीचंच व्होल्टेज मोजत होतो.
"काझिक, ही चिकटवताना करत काय होतास?"
मी हात खिशात घातला.
मग त्याने केकची थाळी गर्रकन फिरवली. "हे बघ, हेसुद्धा उलटं केलं तरी अधिकच."
मुदतवाढ नाही. नंतर सगळे उठले, टाळ्याही पडल्या. नामदिनाच्या. मी शंभर वर्षं जगावं, असं एका सुरात गायले.
नोकरी जूनपर्यंत.